खेळ तपासणारी माणसे

एका गेम स्टुडिओच्या क्यूए विभागाचे, म्हणजे तयार होत असलेला गेम रोजच्या रोज तपासणाऱ्या विभागाचे काम मी पाहते. आमचा स्टुडिओ नागपुरात, बजाजनगरच्या बाजूला एका जुन्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आहे. थोडे काम आमच्या स्वतःच्या मोबाइल गेमचे असते आणि बरेचसे बाहेरच्या कंपन्यांच्या गेमच्या चाचणीचे, ज्यांची नावे करारामुळे घरातल्या माणसांनाही सांगता येत नाहीत. या क्षेत्राविषयी मराठीत जे थोडेफार वाचायला मिळते, ते बहुधा चित्रकार, प्रोग्रॅमर आणि डिझायनर यांच्याविषयी असते; तपासणाऱ्यांविषयी लिहिलेले मला फारसे कुठे दिसले नाही. हे काम मुळात खेळण्याचे नसून पाहण्याचे आणि पाहिलेले नेमके लिहून काढण्याचे आहे, एवढेच मला सविस्तर मांडायचे आहे. आमच्याकडे येणाऱ्या मुलामुलींपैकी अनेक जण दिवसभर गेम खेळायला मिळणार या कल्पनेने हुरळून येतात आणि थोड्याच दिवसांत हिरमुसतात, हे पाहून मला वाईट वाटते.

एका मुलाला रुजू होण्याच्या दिवशी त्याचे वडील सोडायला आले होते. उमरेडकडचे शेतकरी गृहस्थ; चहा घेईपर्यंत ते काही बोलले नाहीत, मग हलक्या आवाजात त्यांनी विचारले, “ताई, हा म्हणते का गेम खेळाचे पैसे भेटते. खरं हाय का?” मी त्यांना म्हटले, “काका, खेळाचे नाही भेटत. पाहाचे अन् लिहाचे भेटतात.” मग त्यांना एक फोन दाखवला, त्यावरचा दोष दाखवला आणि त्या दोषाविषयी आमच्या मुलीने लिहिलेला रिपोर्ट मराठीत सांगितला. त्यांनी तो लक्ष देऊन ऐकला आणि दुसरा प्रश्न विचारला, “मंग नोकरी पक्की हाय का?” या प्रश्नाचे उत्तर पहिल्याइतके सोपे नव्हते, आणि त्याविषयी मी पुढे लिहिणार आहे.

सकाळी आम्ही येतो तेव्हा रात्रीतून तयार झालेला नवा बिल्ड, म्हणजे गेमची ताजी चालती प्रत, सर्व्हरवर आलेला असतो. आधी त्याची स्मोक टेस्ट होते: गेम सुरू होतो का, पहिली लेव्हल लोड होते का, प्रगती सेव्ह होते का, गेममधले दुकान उघडते का. यांतले काही अडले तर बिल्ड तिथल्या तिथे परत जातो, कारण मोडक्या बिल्डवर पुढची चाचणी करणे म्हणजे सगळ्यांचा दिवस वाया घालवणे आहे. बिल्ड ठीक असेल तर कामाची वाटणी होते. समजा एखाद्या मुलीच्या वाट्याला किल्ल्याची लेव्हल आली, तर त्या किल्ल्याच्या प्रत्येक भिंतीला पात्र घासत न्यायचे, प्रत्येक कोपऱ्यात उडी मारायची, प्रत्येक पायरीवर उलटे चालायचे आणि कुठून नकाशाच्या बाहेर पडता येते का ते बघायचे. हे झाले की तेच सगळे तलवार उपसून, मग घोड्यावर बसून, मग पात्र मरत असताना करायचे. दुसऱ्या दिवशी नवा बिल्ड येतो आणि काल सुधारलेल्या गोष्टींमुळे परवा चालणारे काही बिघडले तर नाही ना, यासाठी त्यातले बरेचसे पुन्हा करावे लागते. ज्याला आम्ही रिग्रेशन म्हणतो ते हेच, आणि टेस्टरच्या आयुष्यातला सर्वांत मोठा वाटा त्याचा असतो.

यात कंटाळा येतोच. कंटाळलेल्या टेस्टरला पडद्यावर जे आहे ते दिसत नाही, जे असायला हवे ते दिसू लागते, हा त्यातला खरा धोका आहे. म्हणून मी लेव्हलींची अदलाबदल करत राहते. एकाच्या नजरेतून रोज सुटणारी भेग दुसऱ्याला पहिल्याच फेरीत सापडते. अँड्रॉइडवर आपोआप पडद्यावर कुठेही टिचक्या मारत राहणारे ‘मंकी’ नावाचे साधन आहे, तेही आम्ही रात्रभर चालू ठेवतो आणि काही क्रॅश, म्हणजे गेम अचानक बंद पडण्याचे प्रकार, त्यामुळेच सापडतात. मात्र पाऊल टाकल्याचा आवाज पावलाच्या किंचित नंतर येतो किंवा उडीत काहीतरी जड वाटते, हे त्याला सांगता येत नाही.

‘गेम अडकतो’ हे वाक्य आमच्याकडे रिपोर्ट म्हणून चालत नाही. बिल्डचा क्रमांक, फोनचे मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, दोष दिसेपर्यंतच्या एकेक पायऱ्या, काय झाले, काय व्हायला हवे होते, कितीपैकी किती वेळा झाले, सोबत व्हिडिओ आणि लॉग (गेमने आपोआप केलेल्या नोंदी), इतके सगळे त्यात असावे लागते. तो रिपोर्ट वाचणारा प्रोग्रॅमर पुष्कळदा दुसऱ्या देशात असतो आणि आम्ही लिहितो तेव्हा झोपलेला असतो. सकाळी उठून, आम्हाला एकही प्रश्न न विचारता, तो दोष त्याला स्वतःच्या टेबलावर घडवून आणता आला पाहिजे. रिपोर्ट इंग्रजीत असतात म्हणून मराठी माध्यमातून आलेली मुले आधी बिचकतात. त्यांना मी शाळेतली विज्ञानाची प्रयोगवही आठवायला सांगते: साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. रिपोर्टचा सांगाडा तोच आहे. त्यातही निरीक्षण आणि अनुमान यांची सरमिसळ करू नये, ही शिस्त सर्वांत मोलाची. ‘मेमरी भरल्यामुळे गेम बंद पडला’ हे अनुमान आहे. ‘तिसऱ्या लेव्हलचे दार उघडताच पडदा काळा झाला आणि फोनची मुख्य खिडकी दिसू लागली’ हे निरीक्षण आहे, आणि प्रोग्रॅमरला आधी हेच हवे असते.

वर ज्या मुलाचा उल्लेख केला, त्याने गेल्या पावसाळ्यात शोधलेला एक दोष मला इथे नीट सांगायचा आहे, कारण या कामात बुद्धी कुठे लागते ते त्यातून कळते. आमच्या एका कोड्यांच्या गेममध्ये लेव्हल जिंकल्यावर मिळालेली नाणी काही खेळाडूंच्या खात्यातून नाहीशी होत होती. तक्रारी येत होत्या, पण ऑफिसात कोणाला तो दोष पुन्हा घडवून दाखवता येत नव्हता. कित्येक दिवस आम्ही त्याच लेव्हली वेगवेगळ्या फोनांवर जिंकत राहिलो आणि नाणी निमूटपणे जमा होत राहिली. त्या मुलाने गेम बाजूला ठेवला आणि तक्रारींच्या वेळा कागदावर उतरवून काढल्या. बहुतेक तक्रारी सकाळी आणि संध्याकाळी, शाळा-कॉलेज आणि ऑफिसच्या जाण्या-येण्याच्या वेळेच्या होत्या. त्या वेळी लोक काय करतात, असा प्रश्न त्याने स्वतःला विचारला, आणि फोन हातात घेऊन, लेव्हल जिंकण्याच्या बेतात आणून, तो जिना उतरून फाटकाबाहेर चालत गेला. फाटकापाशी ऑफिसचे वायफाय सुटते. बक्षिसाची चित्रमाला चालू असताना ते सुटले आणि नाणी गेली.

पुढचा उलगडा प्रोग्रॅमरने केला. लेव्हल जिंकली की फोन सर्व्हरला कळवतो, सर्व्हर नाणी जमा करतो आणि तसे उत्तर पाठवतो. वायफाय सुटून मोबाइल नेटवर्क लागण्याच्या त्या मधल्या क्षणी विनंती पोहोचत होती, पण उत्तर परत येत नव्हते. उत्तर आले नाही म्हणून फोन तीच विनंती पुन्हा पाठवत होता. हे बक्षीस आधीच दिलेले आहे म्हणून सर्व्हर ती नाकारत होता. नकार आला म्हणून फोन पडद्यावरची नाणी काढून घेत होता आणि नंतर स्वतःकडची कमी झालेली शिल्लकच सर्व्हरवर चढवत होता. प्रत्येक विनंतीला वेगळा क्रमांक देऊन, तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने नकार न देता आधीचेच उत्तर परत पाठवावे, अशी दुरुस्ती झाली. पण प्रोग्रॅमरला तिथवर पोहोचता आले ते रिपोर्टच्या एका ओळीमुळे: ‘बक्षिसाची चित्रमाला चालू असताना वायफायच्या कक्षेबाहेर चालत जावे.’ त्या दिवशी मला त्या मुलाचा जो अभिमान वाटला, तो मी त्याच्या वडिलांना फोन करून सांगितला.

असे दोष बहुतेक वेळा कुठल्या तरी सीमेवर सापडतात. १९८० साली आलेल्या पॅक-मॅनमध्ये लेव्हलचा क्रमांक एका बाइटमध्ये ठेवला होता आणि एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढ्याच संख्या मावतात; त्यामुळे २५६व्या लेव्हलला पोहोचलेल्या खेळाडूला पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या आणि आकड्यांच्या गोंधळाने भरलेला दिसे आणि तिथून पुढे जाता येत नसे. म्हणून शून्य, एक, शेवटचा आणि शेवटच्याच्या पुढचा आकडा आम्ही नेहमी तपासतो: शून्य नाणी असताना खरेदी, पिशवी भरलेली असताना आणखी एक वस्तू, फोनमधली जागा संपलेली असताना सेव्ह, मध्यरात्री बारा वाजता मिळणारे रोजचे बक्षीस आणि फोनचे घड्याळ मागे-पुढे करून ते दोनदा घेण्याचा प्रयत्न.

वेगवेगळी तपासलेली दोन वैशिष्ट्ये एकत्र आली की काय होते, याचे माझ्या माहितीतले सर्वांत बोलके उदाहरण वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या असंख्य लोकांनी एकत्र खेळायच्या ऑनलाइन गेममध्ये सप्टेंबर २००५ मध्ये घडले. एका नव्या ठिकाणच्या शत्रूचा शाप जवळ उभ्या असलेल्या खेळाडूंमध्ये पसरत असे, आणि तो त्या ठिकाणापुरताच राहावा अशी योजना होती. पण खेळाडूंनी सोबतच्या पाळीव प्राण्यांना तात्पुरते दूर केले की त्यांच्या अंगावरचा शाप तसाच टिकून राही, आणि शहरात जाऊन प्राण्याला पुन्हा बोलावले की तो तिथे पसरे. गेममधल्या शहरांत नवखे खेळाडू भराभर मरू लागले, आणि शेवटी कंपनीला सर्व्हर पूर्ववत करावे लागले. साथीच्या वेळी माणसे कशी वागतात, या दृष्टीने रोगप्रसाराच्या अभ्यासकांनी त्या घटनेकडे पाहिले आणि २००७ मध्ये लॅन्सेट इन्फेक्शस डिसीझेस या नियतकालिकात त्यावर लेखही आला. शाप तपासला गेला असेल, प्राणीही तपासले गेले असतील. दोन्ही एकत्र तपासण्याची कल्पना सुचणे, हे टेस्टरचे खरे कौशल्य आहे.

आता नागपूरविषयी. पुण्याला किंवा बंगळूरला गेल्याशिवाय या क्षेत्रात काही करता येत नाही, असे आमच्याकडच्या मुलांच्या मनावर बिंबलेले असते. तिथे मोठे स्टुडिओ आहेत हे खरेच आहे. पुण्यात युबिसॉफ्टसारख्या फ्रेंच कंपनीचा स्टुडिओ २००८ पासून आहे आणि २०२० मध्ये आलेला ‘राजी’ हा गेमही पुण्यातल्याच एका छोट्या चमूने केला. पण चाचणीच्या कामात नागपूरकडे एक गोष्ट अशी आहे जी त्या शहरांकडे नाही, आणि ती म्हणजे इथला उन्हाळा.

सेकंदाला ६० चित्रे दाखवायची असतील तर प्रत्येक चित्र तयार करायला फोनला जेमतेम १६.६ मिलिसेकंद मिळतात. फोन तापला की स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग कमी करतो, चित्र त्या वेळेत तयार होत नाही आणि खेळणाऱ्याला गेम अडखळल्यासारखा वाटतो. ॲपल आयफोनसाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस एवढे भोवतालचे तापमान योग्य मानते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असतो आणि रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात. मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमारास आम्ही गॅलरीत, सावलीत, फोन मांडतो आणि प्रत्येकावर तोच गेम तेवढाच वेळ चालवतो. उन्हात मात्र कधीच ठेवत नाही, कारण तापलेल्या बॅटरीशी खेळ करायचा नसतो. पहिली काही मिनिटे सगळे सुरळीत असते. मग पडद्याचा उजेड आपोआप मंद होतो, चार्जिंग थांबल्याची सूचना येते आणि चित्रांचा आकडा हळूहळू घसरू लागतो. कोणत्या फोनवर कितव्या मिनिटाला घसरण सुरू झाली आणि कुठे जाऊन थांबली, याचा आलेख रिपोर्टला जोडला जातो.

युरोपातल्या एका ग्राहक कंपनीच्या चमूला हा आलेख पहिल्यांदा खरा वाटला नाही. त्यांच्या कार्यालयात त्याच फोनवर तोच गेम तासभर व्यवस्थित चालत होता. आम्ही त्यांना थर्मामीटर शेजारी ठेवून काढलेला व्हिडिओ पाठवला. पुढच्या बिल्डमध्ये सेटिंगमध्ये ३० चित्रांचा पर्याय आला, म्हणजे प्रत्येक चित्राला ३३.३ मिलिसेकंद मिळू लागले, आणि फोन तापल्यावर सावल्यांचा तपशील आपोआप कमी होऊ लागला. विदर्भात, मराठवाड्यात, राजस्थानात जी मुले कूलर लावलेल्या किंवा कूलरही नसलेल्या खोलीत गेम खेळतात, त्यांच्यापर्यंत ही दुरुस्ती पोहोचली असेल, या विचाराने मला आजही फार समाधान वाटते.

आमचे फोनांचे कपाटही याच विचाराने भरलेले आहे. त्यात नवे महागडे फोन थोडे, आणि २ किंवा ३ जीबी रॅमचे, सीताबर्डीच्या दुकानांतून जुने म्हणून घेतलेले फोन पुष्कळ. कमी रॅमच्या फोनवर गेम चालू असताना कॉल आला की अँड्रॉइड पुष्कळदा मागे गेलेला गेम बंद करून टाकते, आणि बोलणे संपवून परतलेल्या खेळाडूला पुन्हा पहिल्या पडद्यापासून सुरुवात करावी लागते. प्रत्येक फोनवर पट्टी चिकटवलेली असते, दर आठवड्याला चार्ज तपासला जातो आणि फुगलेल्या बॅटरीचा फोन त्याच दिवशी कपाटाबाहेर काढला जातो.

दुसरी गोष्ट माझ्या अगदी जिव्हाळ्याची आहे, ती म्हणजे गेममधली मराठी अक्षरे. देवनागरीत साठवलेला आणि दिसणारा क्रम वेगळा असतो: ‘कि’ साठवताना आधी क आणि मग ऱ्हस्व वेलांटी असते, पण दाखवताना वेलांटी आधी काढावी लागते. जोडाक्षरे जुळवायची, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर न्यायचा, ही जुळणी करणारी यंत्रणा इंजिनात, म्हणजे गेम ज्या तयार सॉफ्टवेअरवर बांधतात त्यात, असावी लागते. युनिटी या इंजिनातल्या टेक्स्टमेशप्रो या अक्षरे दाखवण्याच्या नेहमीच्या साधनात ती वर्षानुवर्षे मुळातून नव्हती, त्यामुळे ‘किल्ला’ या शब्दातली वेलांटी क सोडून पुढच्या ल ला जाऊन चिकटे आणि जोडाक्षराच्या जागी पाय मोडलेला ल दिसे. स्टुडिओंना त्यासाठी बाहेरची साधने जोडावी लागत. गोडो या मुक्त इंजिनाच्या मार्च २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत ही जुळणी अंगभूत आली, याचे मला म्हणूनच फार कौतुक आहे.

परदेशी चमूला हा दोष दिसूच शकत नाही. त्यांच्या दृष्टीने पडद्यावर देवनागरी आलेली असते. म्हणून आम्ही मराठीसाठी तपासायच्या शब्दांची वेगळी यादी केली आहे. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र, ळ, ज्ञ, श्र, ‘राष्ट्र’मधले ष्ट्र, ‘ॲप’ आणि ‘ऑफर’मधली चंद्रकोर असे सगळे त्यात येते. रोमन लिपीच्या मापाने ओळीची उंची ठरवली असेल तर ‘र्की’चा वरचा भाग आणि ‘कू’चा खालचा भाग कापला जातो, तोही पाहावा लागतो. मराठी वाक्य बटणात मावत नाही, ते अर्ध्यावर तुटते, तेही नोंदवतो. आपली भाषा मोडून पडलेली पाहण्याची आपल्या वाचकांना इतकी सवय झाली आहे की अशा गेमला ते दोषही देत नाहीत, नुसती भाषा बदलून इंग्रजी करतात. मला हे मनापासून खटकते. खेळाडूने अशा वेळी तक्रार नोंदवायला हवी, कारण एकही तक्रार आली नाही तर ‘मराठी कोणी वापरत नाही’ असा निष्कर्ष काढला जातो आणि पुढच्या आवृत्तीतून ती वगळली जाते.

कन्सोलवरच्या, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रांवरच्या, गेमला आणखी एक पायरी असते. सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेंडो यांची स्वतःची तपासणी असते आणि तिचे नियम बारीक असतात. खेळताना कंट्रोलरची जोडणी तुटली तर गेमने खेळाडूला तसे कळवले पाहिजे, अशा स्वरूपाचे. पण या पायरीतून पार पडलेला गेम चांगला असतोच असे नाही. सायबरपंक २०७७ हा गेम १० डिसेंबर २०२० रोजी आला आणि जुन्या कन्सोलवरच्या त्याच्या अवस्थेमुळे सोनीने आठवड्याभरात तो आपल्या दुकानातून काढून घेतला. तो परत आला थेट जून २०२१ मध्ये. कुठलाही गेम असा मोडका बाहेर आला की लोकांचा पहिला प्रश्न असतो, टेस्टर काय करत होते? माझ्या आजवरच्या कामात प्रकाशित झालेल्या बहुतेक मोठ्या दोषांची नोंद आधीच झालेली होती. कोणता दोष आता सुधारायचा, कोणता नंतर आणि कोणता तसाच सोडायचा, हे प्रोड्यूसर, प्रोग्रॅमर आणि आम्ही बसून ठरवतो, आणि त्यात शेवटचा शब्द आमचा नसतो. तो आमचा असावा असेही मी म्हणत नाही, कारण वेळ आणि पैसा यांचा हिशेब त्यांनाच द्यायचा असतो. पण एखाद्या दोषाचा खेळणाऱ्याला नेमका काय त्रास होणार आहे, हे त्या बैठकीत स्पष्ट शब्दांत सांगणे ही आमची जबाबदारी आहे, आणि समोरचे कितीही घाईत असले तरी ती टाळता येत नाही.

नोकरी पक्की आहे का, या त्या काकांच्या प्रश्नाकडे आता येते. प्रामाणिक उत्तर असे, की या क्षेत्रात टेस्टरची नोकरी सर्वांत कमी पक्की असते. बरीच भरती प्रकल्पापुरत्या करारावर होते आणि प्रकल्प संपला की करारही संपतो. नागपूरला परतण्याआधी मी दुसऱ्या एका शहरात जिथे काम करत होते, तिथे प्रकाशनाआधीचे आठवडे रात्री-रात्री बसून निघत. जेवणाची पाकिटे येत, पण त्या जादा तासांचे पैसेही मिळत नसत आणि बदली सुटीही. हे जगभर घडत आलेले आहे. अमेरिकेत रेव्हन सॉफ्टवेअर या स्टुडिओतल्या काही कंत्राटी टेस्टरना डिसेंबर २०२१ मध्ये कमी करण्यात आले, तेव्हा त्यांच्या सहकाऱ्यांनी काम थांबवले आणि मे २०२२ मध्ये मतदान घेऊन संघटना स्थापन केली. जानेवारी २०२३ मध्ये आपल्या मालकीच्या झेनिमॅक्स या गेम कंपनीतल्या सुमारे ३०० टेस्टरच्या संघटनेला मायक्रोसॉफ्टने मान्यता दिली. या क्षेत्रात संघटनेची वाट टेस्टरनी दाखवली, यात मला नवल वाटत नाही, कारण सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त झळ त्यांनाच लागते.

आमचा स्टुडिओ लहान असल्यामुळे काही गोष्टी आम्हाला ठरवता आल्या. रात्री आठनंतर थांबायला सांगायचे झाले तर कारण लेखी द्यावे लागते आणि त्या बदल्यात सुटी मिळते. प्रशिक्षणार्थींचा करार प्रकल्पाशी नसून वर्षाशी बांधलेला असतो. बाहेरचे काम घेताना गेमच्या शेवटी येणाऱ्या नामावलीत आमच्या प्रत्येक टेस्टरचे नाव असावे, अशी अट मी आग्रहाने घालते. नुसते स्टुडिओचे नाव टाकून वाटाघाट मिटवण्याचा प्रयत्न नेहमी होतो. पुढची नोकरी शोधताना त्या नामावलीतले नाव हाच टेस्टरचा एकमेव दाखवता येण्याजोगा पुरावा असतो, कारण बाकी सगळे काम गुप्ततेच्या कराराखाली झाकलेले असते.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयी कायदा केला आणि पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. आमच्या कामाशी त्या खेळांचा काही संबंध नाही, आणि त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, प्रोत्साहन देण्याचीही तरतूद आहे. तरी बातम्या आल्यावर आमच्या दोन मुलींच्या घरून ‘ते बंद झालं ना?’ अशी विचारणा झाली. जुगारामुळे घरे बुडालेली माणसे आपल्या आसपासही आहेत, त्यामुळे त्या काळजीला मी हसण्यावारी नेत नाही; प्रत्येक घरी फोन करून फरक समजावून सांगितला. पैशांचे खेळ चालवणाऱ्या कंपन्यांमधून कामावरून कमी झालेल्या काही टेस्टरचे अर्जही आमच्याकडे आले. त्यांच्या हाताला चांगली शिस्त होती, पण सगळ्यांना घेण्याएवढे काम आमच्याकडे नव्हते, हे सांगताना जीव कळवळला.

नव्या मुलामुलींची निवड कशी करतो, हे मला पुष्कळ जण विचारतात. किती गेम खेळलात, हा प्रश्न मी विचारतच नाही. स्वतःच्या फोनमधल्या कुठल्याही गेममध्ये किंवा ॲपमध्ये एक दोष शोधून त्यावर एक पानाचा रिपोर्ट लिहायला सांगते. आमच्याकडची एक अतिशय नजरबाज टेस्टर कामठीहून येते. मोठा गेम तिने कधी खेळलेलाच नव्हता. तिने लिहून आणले होते की एका लोकप्रिय गेममध्ये संगीत पूर्ण बंद केले तरी लेव्हल बदलताना क्षणभर ते ऐकू येते, हेडफोन लावले तरच ऐकू येते, आणि भाषा हिंदी असताना येत नाही. त्या शेवटच्या उपवाक्यावर तिची निवड झाली.

ज्यांना यायचे आहे त्यांनी असा एक रिपोर्ट सोबत आणावा. तो मराठीत असला तरी चालतो. इंग्रजी आम्ही नंतर शिकवतो. पायऱ्या क्रमाने लिहाव्यात, निरीक्षण आणि अनुमान वेगळ्या परिच्छेदांत ठेवावे, आणि फोनच्या सेटिंगमध्ये ॲपच्या माहितीच्या पानावर जो आवृत्तीचा क्रमांक असतो, तो सगळ्यात वर लिहावा.